पालथी होडी

कृष्णकांत ताम्हाणे यांनी एक माणूस मारला होता, आणि तोही भर दुपारी, चहाचे घुटके घेता घेता. घाबरू नका. सर कसले कुणाला मारतात! घरात झुरळ निघालं तरी "सुमती, अगं सुमती" करत खुर्चीवर चढणारा माणूस. पनवेलला टपाल नाक्यामागे त्यांचं घर, सकाळी ज्युनिअर कॉलेजात नोकरी, संध्याकाळी घराच्या पुढच्या खोलीत इंग्रजीची शिकवणी. मारला तो कवितेतला माणूस. पण असा पक्का मारला, की पुढे सहा वर्षं बारावीची पोरं त्याच्या मरणावर मार्क मिळवत होती.

बारावीच्या पुस्तकात एक कविता होती. दीडशे वर्षांपूर्वीच्या कुणा इंग्रज पाद्र्याने लिहिलेली, अवघ्या बारा ओळींची. समुद्रकाठी एक कोळ्याचं घर आहे. दारात वाळूवर होडी पालथी पडली आहे. खिडकीतली मेणबत्ती विझवलेली आहे. टेबलावर दोन कप आहेत. आणि घरातली बाई आता समुद्राकडे बघत नाही. संपली कविता. कोळी कुठे आहे, त्याचं काय झालं, याबद्दल पाद्रीबुवांची अळीमिळी गुपचिळी.

अशातच परीक्षेत 'कवितेतील प्रतीके स्पष्ट करा' असा आठ मार्कांचा नवा प्रश्न आला आणि गाईडवाल्यांची धावपळ उडाली. सर तेव्हा 'तारक गाईड' लिहायचे. प्रकाशक छापखान्यात घोडं अडवून बसला होता. "सर, तेवढी प्रतीकं टाका, मशीन थांबलंय." सरांनी चहा मागवला आणि कविता दोनदा वाचली. पालथं म्हणजे वाईट, यात त्यांना शंका नव्हती. चप्पल पालथी पडली की घरात भांडण होतं, हे त्यांनी लहानपणापासून ऐकलं होतं. इथे तर अख्खी होडी पालथी. मग काय! पालथी होडी म्हणजे मृत्यू. विझलेली मेणबत्ती म्हणजे संपलेलं आयुष्य. दोन कप म्हणजे एकटेपण, कारण दुसरा कप आता कोण उचलणार? आणि बाई समुद्राकडे बघत नाही, कारण तिची आशा संपली. कपातला चहा संपायच्या आत कोळी वारला.

आता, पनवेलपासून समुद्र काही काळ्या पाण्यापलीकडे नाही. तासाभराची एसटी. पण सर जन्मात एकदाच लाँचमध्ये बसले होते, घारापुरीला जाताना, आणि जाता-येता दोन्ही वेळा ओकले होते. तेव्हापासून समुद्र त्यांनी पुस्तकातच ठेवला. कोळणीशी संबंध बाजारापुरता, तोही सुमतीबाईंच्या पाठीमागे पिशवी धरून उभं राहण्यापुरता.

एक्क्याण्णव सालच्या एप्रिलात बारावीच्या पेपरांचे गठ्ठे नेहमीसारखे घरी आले. बोर्डाकडून आलेली आदर्श उत्तरं सोबत होती. सरांनी प्रतीकांचं उत्तर वाचलं आणि मिशीतल्या मिशीत हसले. शब्दन् शब्द त्यांचा. 'तारक गाईड', पान अठ्ठेचाळीस. कुणीतरी सरळ उतरवून काढलं होतं. माणसाला याहून मोठा मान कोणता? सरांनी ते सुमतीबाईंना वाचून दाखवलं. सुमतीबाई गवार निवडत होत्या. त्या म्हणाल्या, "बिचारा दरवर्षी मरतो." आणि गवार निवडत राहिल्या.

गठ्ठ्यात चाळीसाव्या की एकेचाळिसाव्या पेपरापाशी सरांचा लाल पेन थांबला. अक्षर गोल, काळांच्या चुका पोत्याने. भूतकाळ म्हणून काही असतो याचा पेपर लिहिणाऱ्याला पत्ताच नव्हता. सगळं आपलं आज, आत्ता, रोज. पण प्रतीकांच्या प्रश्नाला तिथे लिहिलं होतं, बोट इज अपसाइड डाऊन, सो मॅन इज होम. पुढे तशाच मोडक्या इंग्रजीत खुलासा होता. पावसाआधी होडी वर ओढतात, पालथी घालतात, बुडाला डांबर लावतात, आणि 'कोकोनट फुल मून'पर्यंत ती तशीच असते. तोवर पुरुषमाणूस घरी. मेणबत्ती विझवली, कारण आता वाट कुणाची बघायची? कप दोन आहेत, कारण माणसं दोन आहेत. आणि बाई समुद्राकडे बघत नाही, कारण ज्याला बघायचं तो तिच्यासमोर बसलाय.

कोकोनट फुल मून म्हणजे नारळी पौर्णिमा, हे कळायला सरांना थोडा वेळ लागला. मग त्यांनी पाठ्यपुस्तक काढून कविता पुन्हा वाचली. बारा ओळींत मरणाचा शब्द नव्हता. रडण्याचा नव्हता. एक ओळ धड दुःखाची नव्हती! सहा वर्षं ज्याला ते मेलेला समजत होते तो माणूस आत बसून निवांत चहा पीत होता. सरांना एकदम लाज वाटली, आणि लाजेपाठोपाठ आनंदही झाला, कारण काही झालं तरी ते कवितेचे खरे शौकीन होते. त्यांनी आठपैकी सहा मार्क दिले. दोन व्याकरणाचे कापले. बेरीज केली तर बरोबर छत्तीस. पास.

गठ्ठा घेऊन सर ठाण्याला गेले. तिथे वरचे तपासनीस होते गुरुदत्त पाटकर. निवृत्तीला आलेले, सुपारी कातरत पेपर चाळणारे. त्यांनी नेमका तोच पेपर ओढला.

"ताम्हाणे, हे सहा कशाचे?"

"उत्तर वेगळं आहे सर, पण विचार केला तर…"

"विचार आपण करायचा नसतो. आदर्श उत्तरात काय आहे? मृत्यू. इथे काय लिहिलंय? माणूस घरी आहे." पाटकरांनी चष्मा वर केला. "आणि काय हो, तुमच्याच गाईडमध्ये मृत्यू आहे की! तुम्हीच पोरांना मृत्यू शिकवता आणि इथे येऊन त्याला जिवंत करता?"

खोलीतले इतर पाच-सहा मास्तर हसले. आपलेच दात आणि आपलेच ओठ. सरांना म्हणता आलं असतं, की पाटकरसाहेब, गाईडमध्ये मी चुकलोय. एवढं एकच वाक्य. पण समोर पाच-सहा मास्तर होते, गाईडची सातवी आवृत्ती छापायला गेली होती, आणि वरती नाव होतं 'प्रा. कृ. वि. ताम्हाणे'. सर म्हणाले, "हो. मृत्यूच."

पाटकरांनी सहाचा आकडा खोडून शून्य काढलं. छत्तिसाचे तीस झाले. ग्रेस मार्कांची शिडी तिथवर पोचत नव्हती. परतीच्या एसटीत सरांना खिडकीजवळची जागा मिळाली, पण त्यांनी बाहेर पाहिलं नाही.

जुलैत नापासांची बॅच सुरू झाली. ऑक्टोबरच्या परीक्षेसाठी अठ्ठावीस पोरं सतरंजीवर दाटीवाटीने बसली. सरांची पद्धत ठरलेली. आधी काळ, मग कविता. "ज्याला काळ कळला नाही त्याला काव्य काय कळणार!" असं ते दर वर्षी म्हणत आणि दर वर्षी स्वतःच खूश होत. आय गो, आय वेंट, आय हॅव गॉन, असा घोष रस्त्यापर्यंत जाई. मग साधा वर्तमानकाळ. जे दर वर्षी, दर रोज, नेमाने घडतं ते. प्रत्येकाने आपापल्या घरचं वाक्य सांगायचं, गाईडमधलं चालायचं नाही.

कुणी म्हणालं, माझी आई सहाला उठते. कुणी म्हणालं, आमचा कुत्रा पोस्टमनवर भुंकतो. तिसऱ्या रांगेत एक सावळी, उंच मुलगी होती. उरणजवळच्या करंज्याची, नाव दिपिका कोळी. सुकापूरला आत्याकडे राहून शिकवणीला येत होती. ती उभी राहिली आणि म्हणाली, "एव्हरी इयर माय फादर टर्न्स द बोट. ही ओपन्स इट ॲट कोकोनट फुल मून."

पोरं खिदळली. सरांच्या हातातला खडू मोडला.

तास संपल्यावर त्यांनी तिला थांबवून घेतलं. किती पडले होते इंग्रजीत? तीस. पुढे काय करायचंय? डी.एड. करून मास्तरीण व्हायचंय. बोलता बोलता तिने हेही सांगितलं, की आईने यंदाचीच मुदत दिली आहे. या खेपेला विषय सुटला तर डी.एड.; नाही सुटला तर पाटी घ्यायची आणि आईशेजारी धक्क्यावर मासळी विकायला बसायचं, तिसऱ्यांदा फॉर्म भरायचा नाही. सरांनी ऐकून घेतलं. मग सहज विचारल्यासारखं विचारलं, "कवितेतली ती पालथी होडी. ती कशाचं प्रतीक आहे?"

सरांना वाटलं, आता येईल. ती मेणबत्ती, ती बाई, ते दोन कप. पण दिपिका श्वासही न घेता म्हणाली, "द अपटर्न्ड बोट सिम्बलायझेस डेथ." आणि पुढे मेणबत्ती, कप, आशा, सगळं गाईडप्रमाणे, स्वल्पविरामासकट.

"शाब्बास," सर म्हणाले. दुसरं काय म्हणणार! पोर मार खाऊन शहाणी झाली, असं त्यांनी मनाशी ठरवलं. आपण तिला खरं बोलल्याबद्दल नापास केलं आणि ती आता खोटं बोलायला शिकली. रात्री जेवताना त्यांनी सुमतीबाईंना सगळं सांगितलं. गठ्ठा, सहाचं शून्य, पाटकर, सगळं.

सुमतीबाईंनी भाताचा डाव तसाच हातात धरला. "म्हणजे चूक तुमची आणि वर्ष त्या पोरीचं गेलं?"

"तसं अगदी…"

"तसंच. मग दुरुस्त करा ना गाईड. प्रतीक आहे, काय दगडावरची रेघ आहे?"

सर खरंच प्रकाशकाकडे गेले. प्रकाशक म्हणाला, "सर, नवी आवृत्ती बांधून तयार आहे. सहा वर्षं मेलेल्या माणसाला आता कशाला उठवताय? गप पडलाय, पडू द्या की." मग सरांनी बोर्डाला पत्र लिहिलं, दोन पानी, रजिस्टर्ड. पोच आली, उत्तर आलं नाही. एवढं झाल्यावर सरांना जरा बरं वाटलं. आपल्याकडून प्रयत्न झाला, अशी त्यांची समजूत पटली. समजूत पटवण्यात मास्तर लोकांचा हात कोण धरणार?

पण एक कोडं सुटत नव्हतं. ज्या मुलीला ती बाई, तो संसार असा लख्ख दिसला होता, तिला कविता अशी पाठ करून फेकवते कशी? सप्टेंबरच्या शेवटी, परीक्षेला पंधरा दिवस उरले असताना, सरांना राहवलं नाही. वर्ग सुटल्यावर त्यांनी दिपिकाला बसवलं, सुमतीबाईंनाही आतून बोलावलं, म्हणजे आपला धीर सुटायला नको, आणि एका दमात कबूल केलं. "मार्चचा तुझा पेपर माझ्याकडे होता. तुझं उत्तर बरोबर होतं. गाईड चुकलंय. मी चुकलोय. तिथे बोलायची हिंमत झाली नाही माझी."

दिपिका वहीच्या कोपऱ्याशी चाळा करत राहिली. रागावली नाही, रडली नाही. सरांना वाटलं, पोर भारावली असेल. म्हणून ते पुढे म्हणाले, "मला एवढंच विचारायचंय, हा अर्थ तुला सुचला कसा? मी बावीस वर्षं कविता शिकवतोय. मला नाही सुचला."

"सुचला नाय सर," ती म्हणाली. "गाईड मला तेव्हाही पाठ होतं."

"मग?"

"मार्चात बाबा दर्यावर होते."

सरांना कळेना. सुमतीबाईंना मात्र कळलं. त्या खाली सतरंजीवर बसल्या.

"आमच्यात घरचा मानूस पाण्यावर असला ना, की अभद्र काही तोंडातून काढत नाही," दिपिका सांगू लागली. "आई तर तवासुद्धा पालथा ठेवू देत नाही. आणि इथे तर होडी पालथी म्हणजे… तेच लिहायचं. माझा फारसा विश्वास नाय सर या सगळ्यावर. बारावीला बसलेय मी. पण पेन तिथे आला आणि हात लिहीना. बाबांना जाऊन चौथा दिवस, वारा सुटलेला. मग मी आपलं, खरी होडी जशी असते तसं लिहून टाकलं. काहीतरी लिहायला पाहिजे ना."

"पण जुलैत तर तू मला धडाधड…"

"जुलैत बाबा घरी होते."

म्हणजे दुसऱ्यांदाही ते सपशेल चुकले होते. एकदा कवितेत आणि एकदा या पोरीत. तिला काही दिसलं-बिसलं नव्हतं. तिने फक्त आपल्या बापाचं मरण लिहायला नकार दिला होता, आठ मार्कांवर पाणी सोडून.

"आता ऑक्टोबरला काय लिहू सर?" दिपिकाने विचारलं.

सर म्हणाले, "तुझंच लिही. या वेळी पेपर दुसऱ्या कुणाकडे जाईल. एखादा समंजस…"

"आणि नसला तर?"

पाटकरांना सर ओळखत होते. स्वतःलाही ओळखत होते. "मृत्यूच लिही," ते हळूच म्हणाले.

"लिहिलं असतं. पण तेव्हा बाबा दर्यावर असणार. भर हंगाम आहे."

"अगं मग सांग ना त्यांना, एक दिवस राहा म्हणावं घरी."

"का राहा म्हणून सांगू?" दिपिका पहिल्यांदाच थोडी चिडली. "सांगायचं म्हणजे तोच शब्द तोंडाने काढायचा. तोही त्यांच्यासमोर, होडीत पाय ठेवायच्या आधी?"

ती गेल्यावर सुमतीबाई एवढंच म्हणाल्या, "तिने नाही काढायचा. तुम्ही काढायचा."

पुढच्या रविवारी सर उरणची एसटी धरून करंज्याला गेले. सोबत सुमतीबाई होत्याच, नाहीतर सर वाटेतच कुठेतरी उतरले असते. धक्क्यावर लिलाव चालला होता. कोळंबीचे ढीग, ओरडा, पायाखाली पाणी, नाकाला पदर लावायचीही सोय नाही. विठू नाखवा जाळं पसरून बसला होता. दिपिकाचा बाप, पन्नाशीचा, रुंद खांद्यांचा, केस मिठाने राठ झालेले. त्याने मास्तर म्हटल्यावर जाळ्यावरच रिकामी फळी टाकून बसायला दिली.

"पोर बराबर शिकते ना, मास्तर?"

"शिकते. हुशार आहे. एक अडचण आहे." सरांनी घसा साफ केला. उभं आयुष्य हा माणूस पोरांना सांगत आला होता, की कवी सरळ बोलत नाही, वस्तूंतून बोलतो. आता स्वतःवर पाळी आली. "त्याचं असं आहे, नाखवा. एक इंग्रजी कविता आहे. त्यात एक घर आहे, समुद्रकाठी. घरापुढे एक होडी आहे… म्हणजे ती अशी…" सरांनी तळहात पालथा केला.

विठूने त्या हाताकडे पाहिलं. "होरी वर काढलेली हाय. मंग?"

"त्याचा अर्थ लिहायचा असतो परीक्षेत. पोरीला तो लिहिता येत नाही. तुम्ही पाण्यावर असताना नाही येत."

विठूचा हात जाळ्यात थांबला. त्याने एकदा सुमतीबाईंकडे पाहिलं. मग त्याच्या ध्यानात आलं. शिकलेल्या माणसाला सहा महिने लागले होते ते त्याच्या एवढ्याशा वेळात ध्यानात आलं. "तसला काय लिवावा लागतंय पोरीला?"

"हो."

"होरी पालथी घातली म्हंजे आमी घरी. बायकांना तवरंच दिस सुखाचे. ह्यो उलटा अर्थ कोनी लिवला?"

सुमतीबाई शेजारी बसल्या होत्या. खोटं बोलायची सोय नव्हती. "मी," सर म्हणाले.

विठूने शिवी दिली असती तर सरांना सोपं गेलं असतं. त्याने जाळ्याची तुटलेली गाठ पुरी केली, दाताने दोरा तोडला आणि विचारलं, "कवा हाय पेपर?"

"सोळा तारखेला. बुधवारी. अकरा ते दोन."

"मंग त्या दिशी नाय जात." एवढं बोलून त्याने बायकोला हाक मारली आणि मास्तरांसाठी सोड्यांची, सुकवलेल्या कोळंबीची, पुडी बांधायला सांगितली. सर नको नको म्हणत राहिले. सुमतीबाईंनी पुडी घेतली.

सोळा तारखेला परीक्षेच्या शाळेत सरांना पर्यवेक्षणाचं काम नव्हतं, तरी ते साडेदहाला जाऊन फाटकाशी उभे राहिले. ऑक्टोबरचं ऊन नुसतं भाजत होतं. रस्त्यापलीकडे चहाची टपरी होती, तिच्यावर पत्र्याची सावली होती. पण विठू नाखवा सावलीत नव्हता. धुतलेला सदरा घालून, डोक्यावर टोपी ठेवून तो शाळेच्या कुंपणाला लागून उभा होता, मधोमध उन्हात.

"नाखवा, सावलीत या की," सर म्हणाले.

"नको. हितनं तिची खिरकी दिसते." विठूने पहिल्या मजल्याकडे बोट केलं. "तिला पन मी दिसतो. घरी ऱ्हायलो असतो तरी चाललं असतं म्हना, पन मानसाचं मन हाय. म्हनलं, समोरच उभा ऱ्हातो. बघंल आनि लिवंल."

अकराची घंटा झाली. सरांनी वर पाहिलं. तिसऱ्या खिडकीत दिपिकाची मान खाली होती. अर्ध्या तासाने ती मान वर झाली. तिने बाहेर पाहिलं, बापाकडे, बराच वेळ. विठू हलला नाही. त्याने हातही केला नाही; नुसता छाती पुढे काढून उभा राहिला, धडधाकट, दोन्ही पाय जमिनीवर. मग पोरीची मान पुन्हा खाली गेली.

सरांना भडभडून आलं. आपण छापखान्यात बसून, घाईघाईत, चहाच्या कपाबरोबर जे चार शब्द लिहिले, ते एका मुलीला लिहिता यावेत म्हणून हा माणूस हंगामातला दिवस मोडून उन्हात उभा राहिलाय, याची त्यांना मनापासून शरम वाटली. ते टपरीवर गेले, दोन कप चहा घेऊन आले आणि तेही कुंपणापाशी उन्हात उभे राहिले.

दोन वाजता पोरं बाहेर पडली. दिपिका आली ती थेट बापापाशी. "आला होता प्रश्न," ती सरांना म्हणाली. "लिहिलं."

"सगळं?"

"सगळं. स्वल्पविरामासकट." तिने बापाचा दंड धरून ठेवला होता. ती पास होणार हे सरांना तेव्हाच कळलं, आणि डिसेंबरात झालीही, एक्केचाळीस मार्कांनी.

उरणच्या एसटीला वेळ होता. होडी बाकीच्या खलाशांनी धक्क्याला तयार ठेवली होती. विठू पोचला की सुटायची होती. त्याने टोपी काढून घाम पुसला आणि सरांना बाजूला घेतलं. पोरीला ऐकू जाणार नाही इतक्या अंतरावर.

"मास्तर, एक इचारू? त्या कवितेतला मानूस. तुमी काय लिवलंय ते ऱ्हाऊं द्या. खरा काय हाय? तो घरी हाय ना?"

गेली सहा वर्षं सरांनी या प्रश्नाचं उत्तर शेकडो पोरांकडून घोकून घेतलं होतं. "घरीच आहे नाखवा," ते म्हणाले. "आत बसून चहा पितोय बायकोबरोबर."

"मंग झाला," विठू म्हणाला, आणि गाडी पकडायला निघाला.